गोळीने पाळी दिसते, हाड भरत नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

सांगली-मिरजेत, तासगाव-विट्यात हाडांच्या मोफत तपासणीची शिबिरे भरतात. पाय यंत्रात ठेवायचा, टाचेवरून ध्वनिलहरी जातात आणि मिनिटभरात आकडा लिहिलेला कागद हातात पडतो. रांगेत पन्नाशी-साठीच्या बायका असतातच, त्यांच्याबरोबर आलेल्या कॉलेजच्या मुलीही हौसेने पाय पुढे करतात. त्यातल्या एखाद्या काडीसारख्या मुलीच्या कागदावर ‘ऑस्टिओपेनिया’ म्हणजे हाडांची घनता कमी, असा शेरा येतो. चौकशीत कळते की सात-आठ महिने पाळी नाही. मग कॅल्शियमची बाटली आणि ‘पाळी नियमित करणारी’ २१ गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटे सुरू होतात. पुढच्या महिन्यात रक्तस्राव होतो आणि आई निर्धास्त होते. हे निर्धास्त होणे मुलीच्या हाडांना महागात पडते, म्हणून हे पत्र.

खाण्याचा विकार हा पुण्या-मुंबईच्या श्रीमंत घरांतला प्रकार, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नाही. भरतीच्या अकादमीत ८०० मीटरची वेळ कमी व्हावी म्हणून जेवण निम्मे करणारी मुलगी, लग्न ठरवताना ‘जरा भरलेली आहे’ हे शब्द ऐकून रात्रीची भाकरी सोडलेली मुलगी, बारावीच्या क्लासच्या ताणात डबा जसाच्या तसा परत आणणारी मुलगी, या सगळ्या त्या वाटेवर असू शकतात. आपल्याकडे उपास हे चांगले झाकण ठरते. सोमवार झाला, गुरुवार झाला, चतुर्थी झाली. त्यात साबुदाणा नको, वरी नको, नुसते पाणी आणि लिंबू. घरात भक्तीचे कौतुक होते. उपासाला आमचा आक्षेप नाही. पण उपास सुटल्यावरही जी नीट जेवत नाही, सगळ्यांना वाढून झाल्यावर ‘माझे मघाशीच झाले’ म्हणते, थंडी नसताना अंगात स्वेटर घालते आणि जिची पाळी लांबत लांबत बंद होते, तिच्याकडे नीट बघायला हवे.

पाळी का थांबते, ते आधी सांगतो, कारण गोळीचे सारे चुकीचे गणित तिथूनच सुरू होते. शरीरात येणारी ऊर्जा खर्चापेक्षा बरीच कमी पडू लागली की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग हात आखडता घेतो. त्याच्याकडून ठरावीक लयीत सुटणारा संदेश मंदावतो, पिट्युटरी ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही अंडाशयाला चालना देणारी संप्रेरके कमी सुटतात, अंडाशय शांत होते आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक खाली येते. अंडाशय बिघडलेले नसते, त्याला वरून हुकूमच येत नाही. त्याच वेळी शरीर आणखीही काटकसर करते. यकृतात तयार होणारे आयजीएफ-१ हे हाड बांधणारे संप्रेरक घटते, कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, चरबीतून येणारे लेप्टिन कमी होते. रजोनिवृत्तीनंतरच्या बाईत इस्ट्रोजेन गेल्याने हाड खरवडले जाण्याचा वेग वाढतो, पण नवे हाड बांधणारे गवंडी कामावर असतात. उपाशी मुलीत खरवडणे वाढते आणि गवंडीही घरी बसतात. म्हणून सासूबाईंची झीज आणि या मुलीची झीज एकच समजू नये. औषधही एक नसते.

वयामुळे हे आणखी गंभीर होते. आयुष्यभराच्या हाडाची जवळपास सगळी पुंजी साधारण विशीपर्यंत जमा होते आणि तिचा मोठा वाटा पाळी सुरू होण्याच्या आगेमागे दोन-चार वर्षांत पडतो. चौदाव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत उपाशी राहिलेली मुलगी असलेले हाड गमावते आणि मिळणार असलेलेही तिला मिळत नाही. पुढे वजन सुधारले तरी ती तूट पूर्ण भरून निघेलच असे नाही.

आता गोळी. माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळीत ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्राडिओल हे कृत्रिम इस्ट्रोजेन असते. इस्ट्रोजेन कमी आहे, गोळीत इस्ट्रोजेन आहे, मग हाड भरेल, हा हिशेब सरळ वाटतो. आणि कित्येक वर्षे जगभरच्या डॉक्टरांनी तो याच भरवशावर केला. पण ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडण्याचा आजार, असलेल्या मुलींवर चाचण्या झाल्या तेव्हा गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मुलींच्या हाडांच्या घनतेत म्हणावा असा फरक दिसला नाही. कारण गोळीच्या वाटेत आहे. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन आतड्यातून आधी यकृतात जाते आणि तिथे ते आयजीएफ-१ आणखी दाबते. म्हणजे एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, तेही जिच्याकडे आधीच कमी आहे तिच्याकडून.

गोळीचा दुसरा तोटा आम्हाला जास्त सलतो. पाकीट संपल्यावर औषध थांबते म्हणून गर्भाशयाचे अस्तर गळते. तो रक्तस्राव औषधाचा असतो. मेंदूने पुन्हा हुकूम दिला आहे, अंडाशय जागे झाले आहे, याची ती खूण नसते. नैसर्गिक पाळी परत येणे ही खाणे आणि वजन पुरेसे झाल्याची घरच्या घरी कळणारी सर्वांत स्वस्त खूण आहे. गोळी तीच पुसून टाकते. मुलगीही म्हणते, ‘माझी पाळी येते आहे, मग मी बरीच आहे ना?’ आणि जेवणाचा विषय तिथेच मिटतो.

याला जोडून एक गोष्ट. बऱ्याच ठिकाणी आधी पाच किंवा दहा दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्या देऊन ‘पाळी आणून बघतात’. गर्भधारणा नाही याची खात्री करूनही त्या गोळ्यांनी रक्तस्राव झालाच नाही, तर इस्ट्रोजेन इतके कमी असू शकते की गळायला अस्तरच तयार नाही. अशा वेळी आणखी जोरदार गोळी न देता मुलीचे वजन, जेवण आणि धावणे यांची चौकशी करायला हवी.

मग संप्रेरकाचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण त्वचेतून दिलेल्या इस्ट्राडिओल या नैसर्गिक इस्ट्रोजेनचा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. मधुस्मिता मिश्रा आणि सहकाऱ्यांनी ॲनोरेक्सिया असलेल्या १२ ते १८ वर्षांच्या मुलींवर १८ महिने केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हाडांची वाढ बरीच पूर्ण झालेल्या मुलींना १०० मायक्रोग्रॅमची इस्ट्राडिओलची चिकटपट्टी आठवड्यातून दोनदा आणि महिन्यातले दहा दिवस प्रोजेस्टेरॉनसारखी गोळी असा उपचार होता. औषध नसलेली पट्टी लावलेल्या मुलींच्या तुलनेत त्यांच्या मणक्याची आणि नितंबाच्या हाडाची घनता वाढली. तरीही ती निरोगी मुलींच्या पातळीला पूर्णपणे पोचली नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पट्टीतले इस्ट्राडिओल अंडाशय बनवते तेच असते आणि ते त्वचेतून थेट रक्तात जात असल्याने यकृतातले आयजीएफ-१ दबत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने मार्गदर्शक सूचना दिल्या. केवळ पाळी दिसावी किंवा हाड वाढावे म्हणून गर्भनिरोधक गोळी देऊ नये. खाणे, मानसिक उपचार आणि व्यायामातला बदल यांना पुरेसा वेळ देऊनही पाळी आली नाही, तर काही काळ त्वचेतून इस्ट्राडिओल आणि जोडीला ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन द्यावे, असे त्या सांगतात. पुरेसा वेळ म्हणजे साधारण सहा महिने ते वर्ष.

पट्टी वापरण्यात होणाऱ्या चुका साध्या आहेत. ती बेंबीखाली पोटावर किंवा कुल्ल्यावर लावायची, छातीवर कधीच नाही. त्वचा कोरडी हवी. अंघोळीनंतर तेल, पावडर, क्रीम लावलेल्या जागी ती धरत नाही, आणि एप्रिल-मेच्या घामात अर्धवट सुटते. कमरेच्या नाडीखाली घासली जाईल अशी जागा टाळावी आणि दर वेळी जागा बदलावी. सोमवार आणि गुरुवार असे दोन वार पक्के केले की विसरायला होत नाही. पट्टी आपल्याकडे प्रत्येक औषध दुकानात मिळत नाही, तेव्हा डॉक्टर इस्ट्राडिओलचे जेल लिहून देतात. ते दंडावर किंवा मांडीवर पसरून वाळू द्यावे आणि हात साबणाने धुवावेत. जेलची मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. मायक्रोग्रॅमचा आकडा पट्टीवरून जेलवर तसाच उचलता येत नाही.

सोबतची प्रोजेस्टेरॉनची गोळी मात्र कोणी आपल्या मनाने गाळू नये. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि पुढे त्यात घातक बदल होण्याचा धोका असतो. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन दिले तर सहसा २०० मिलिग्रॅम, महिन्यातले १२ दिवस. त्याने झोप येते म्हणून रात्री झोपतानाच घ्यावे. यानंतर येणारा रक्तस्रावही औषधाचाच, त्यामुळे वजन पुरेसे वाढल्यावर डॉक्टर काही काळ पट्टी थांबवून स्वतःची पाळी येते का ते पाहतात.

आणि ही पट्टी प्रत्येकीसाठी नाही. पायाच्या किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन गेली असेल, यकृताचा आजार चालू असेल, स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर ती देत नाहीत. वाढीच्या वयातल्या मुलीला पूर्ण मात्रा दिली तर लांब हाडांची टोके लवकर जुळून उंची खुंटू शकते. म्हणून आधी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचे वय पाहतात. बोस्टनच्या अभ्यासातही हाडाचे वय १५ पेक्षा कमी असलेल्या मुलींना १०० मायक्रोग्रॅमची पट्टी दिलीच नव्हती, त्यांना अगदी अल्प मात्रेपासून हळूहळू चढवत नेले होते. विवाहित मुलींसाठी आणखी दोन गोष्टी. पट्टीने गर्भ राहणे टळत नाही, आणि पहिली पाळी दिसण्याआधीच अंडे सुटू शकते. दुसरे, सरकारी ‘अंतरा’ योजनेतले दर तीन महिन्यांचे गर्भनिरोधक इंजेक्शन एरवी सोयीचे असले तरी ते इस्ट्रोजेन कमी करून हाडांची घनता उतरवते. हाडे आधीच कमकुवत असलेल्या मुलीने तांबी किंवा दुसरा उपाय विचारावा.

पण खरे औषध ताटात आहे, आणि ते आम्ही गुळगुळीत बोधवाक्य म्हणून म्हणत नाही. वजन वाढू लागले की नितंबाच्या हाडाची घनता आधी सुधारते. मणक्याची सुधारायला बहुतेक वेळा स्वतःची पाळी परत यावी लागते. पाळी बंद झाली तेव्हा जे वजन होते, त्यापेक्षा साधारण दोन किलो वर गेल्यावर ती परत येते, असा अनुभव नोंदवलेला आहे. पण वाढीच्या वयातल्या मुलीचा तो आकडा वयाबरोबर वर सरकतो, म्हणून दोन वर्षांपूर्वीचे वजन हे ध्येय धरू नये. वजन वाढूनही पाळी यायला काही महिने लागतात. त्या महिन्यांत घरच्यांचा धीर सुटतो आणि पुन्हा गोळीची चिठ्ठी बाहेर निघते.

आठवड्याला अर्धा किलो वाढायचे तर रोज सुमारे ५०० कॅलरी जादा लागतात. आपल्या स्वयंपाकघरात त्याचा हिशेब असा बसतो: म्हशीचे दूध एक पेला, २०० मिली, सुमारे २०० कॅलरी, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, सुमारे १७०, भाकरीवर एक मोठा चमचा तूप, सुमारे १३५. झाले ५००. यासाठी परदेशी पावडरचा डबा लागत नाही. तीन जेवणे आणि मधली तीन खाणी वेळेवर, घरच्या कोणीतरी समोर बसून. ‘तुझे तू खाऊन घे’ हे वाक्य या आजारात उपयोगी पडत नाही, कारण घासाची भीती हाच आजार आहे. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाशिवाय हे पुढे जात नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. वजन करताना लघवीला जाऊन आल्यावर, चपला काढून, त्याच काट्यावर करावे. काट्यावर चढण्याआधी लिटरभर पाणी पिऊन येणाऱ्या मुली असतात. रागावू नये, फक्त ठाऊक असावे.

एक गंभीर इशारा. फारच खंगलेल्या मुलीला एकदम ताटभर जेवण घालू नये. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात अचानक पिष्टमय अन्न गेले की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरते, हृदयाची लय बिघडते. नाडी ५० च्या खाली, उभे राहताच चक्कर, पायांवर सूज, यांपैकी काहीही असेल तर पहिले दिवस रुग्णालयातच, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) आधी आणि रक्ततपासणी रोज.

तपासण्यांबद्दल बोलायचे तर टाचेच्या यंत्रावरून तरुण मुलीच्या हाडांचे निदान करू नये. पाळी सहा महिने किंवा जास्त बंद असेल तर मणका आणि नितंबाचा डेक्सा स्कॅन, म्हणजे एक्स-रेने हाडांची घनता मोजणारी तपासणी, करावा. पूर्ण वाढ न झालेल्या मुलीत मणका पाहतात, आणि डोके वगळून बाकी सगळे शरीर पाहतात. कागदावर दोन आकडे येतात. टी-स्कोअर हा रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांसाठी. तरुण मुलीसाठी झेड-स्कोअर वाचायचा, तो तिच्याच वयाच्या मुलींशी तुलना करतो. उणे दोन किंवा त्याखाली असेल तर घनता वयाच्या मानाने कमी आहे असे म्हणतात. ठेंगण्या, बारीक अंगाच्या मुलीत यंत्र घनता आहे त्यापेक्षा कमी दाखवते, हे ध्यानात ठेवावे. पुढचा स्कॅन वर्षाने किंवा दोन वर्षांनी, त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर. दोन टक्क्यांचा चढ-उतार यंत्राच्या चुकीतही जातो.

सोबत गर्भधारणेची चाचणी आणि टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल या संप्रेरकांच्या रक्ततपासण्या. वजन घटणे आणि पाळी जाणे यामागे क्षयरोग नाही ना, हेही आपल्या भागात पाहायलाच हवे. इथे एक चूक वारंवार होते. सोनोग्राफीत अंडाशयात बऱ्याच बारीक गाठी दिसल्या की ‘पीसीओडी’ हा शिक्का बसतो. उपासमारीने शांत झालेले अंडाशयही तसे दिसू शकते. मग जिला वजन वाढवायचे आहे तिलाच ‘वजन कमी करा, भात बंद करा’ असा सल्ला मिळतो, वर मेटफॉर्मिन हे मधुमेहात दिले जाणारे औषध. आजाराच्या हातात कोलीत देण्यासारखेच हे. तसेच टी-३ हे थायरॉइडचे संप्रेरक थोडे कमी आले म्हणून थायरॉइडची गोळी सुरू करू नये. ती घट शरीराने केलेली काटकसर असते. गोळीने वजन आणि हाड दोन्ही आणखी झिजते.

कॅल्शियम रोज १००० ते १३०० मिलिग्रॅम, जमेल तितके अन्नातून. ५० ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे १८० मिलिग्रॅम, पेलाभर दुधात सुमारे २४०. पालकाच्या भरवशावर राहू नये, त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवते. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असते. ती जेवणाबरोबर घ्यावी, लोहाच्या गोळीबरोबर नको. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज घेतली जाते आणि रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, मूत्रपिंडावर ताण, असे प्रकार होतात. कॅलेंडरवर वार लिहून ठेवणे एवढा साधा उपाय आहे.

अलेंड्रोनेटसारखी आठवड्याची गोळी म्हातारपणच्या झिजेसाठी चांगली, पण या मुलींना सर्रास देण्याची नाही. किशोरवयीन मुलींत तिने मणक्याला ठळक फायदा दाखवलेला नाही, आणि ती हाडात वर्षानुवर्षे मुरून राहते. जिला पुढे मूल हवे आहे तिला ती देताना दहा वेळा विचार हवा.

भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रशिक्षकांसाठी: नडगीवर एका बोटाने दाखवता येईल असे दुखणे, एका पायावर उडी मारली की वाढणारे, हे ‘कच्चा पाय’ नसून हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती दिसत नाही. धावणे थांबवा आणि पाळीबद्दल विचारायची सोय करा. प्रशिक्षक पुरुष असेल तर एखाद्या शिक्षिकेमार्फत.

शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना आणि महिला मंडळांना एक विनंती आहे. पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकीच्या कागदावर यंत्राच्या आकड्याआधी एक रकाना वाढवा: ‘गोळी न घेता शेवटची पाळी कधी आली?’ उत्तर तीन महिन्यांपेक्षा जुने असेल, तर टाच यंत्रात ठेवण्याआधी तिला स्त्रीरोगतज्ज्ञाची चिठ्ठी द्या.

आपले,
स्त्रीआरोग्य आणि आहारशास्त्र या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक,
मिरज, जि. सांगली